नळीचं दुसरं टोक

१

मला फसवील असा माणूस आख्ख्या वैजापूर तालुक्यात जन्माला आला नाही. मी स्वतः सांगतोय म्हणजे खरंच धरा. मागच्या बुधवारी भाजीवालीनं किडकी वांगी बांधून दिली आणि त्याआधी मोबाईलवरच्या एका बाईनं 'काका, तुम्हाला मोटारसायकल लागली' म्हणून दोन तास फाट्यावर उभं केलं, तेवढं सोडून द्या. भीत तर मी कुणालाच नाही. सुनेला भितो, ते वेगळं. आणि हे लिहायला बसलोय ते खोलीच्या मधोमध, चारी भिंतींपासून हातभर लांब, हेही आत्ताच सांगून टाकतो. नंतर कुणी बोलायला नको.

नाव कचरू. शिक्षण सातवी, तीही दोनदा. चाळीस वर्षं कडुबा मिस्त्रीच्या हाताखाली काम केलं आणि चाळीस वर्षं त्याच्या खोड्या काढल्या. यातलं मुख्य काम कोणतं, असं विचाराल तर दुसरं.

गवंडीकामातली एक गोष्ट समजावून सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. घराच्या कोपऱ्यांची पातळी एक आहे की नाही, हे आम्ही पाण्याच्या नळीनं बघतो. आरपार दिसणारी, पन्नास फूट लांब नळी. एक टोक एकानं धरायचं, दुसरं दुसऱ्यानं. दोन्हीकडं पाणी एकाच उंचीला येऊन थांबतं, तिथं पेन्सिलीनं खूण करायची. नळी घेऊन चालताना पाणी सांडू नये म्हणून दोघांनी टोकाच्या तोंडावर अंगठा दाबून धरायचा आणि जागेवर पोचलं की काढायचा. एकाचा जरी अंगठा राहिला तरी पाणी अडतं, आणि अडलेलं पाणी खोटं बोलतं. मधे भिंतीचा कोपरा असतो, समोरचा दिसत नाही. म्हणून विचारायचं.

"अंगठा काढला का?" कडुबा तिकडून ओरडायचा.

"काढला."

"आलं का?"

"आलं."

चाळीस वर्षांत आम्ही एकमेकांशी जे बोललो, त्यातलं निम्मं एवढंच असेल.

२

कडुबा अर्धा गवंडी आणि अर्धा शेतकरी. पावसाळ्यात तीन एकरांत बाजरी-कांदा, उन्हाळ्यात लोकांच्या भिंती. वीट हातात घेतली की करणीच्या दांड्यानं वाजवून बघायचा, आवाज खणखणीत आला नाही तर बाजूला. आमच्या गल्लीतल्या बुद्धविहाराची भिंत त्याची, मशिदीचा हौद त्याचा, आणि मी आता राहतो ते पोराचं पडेगावचं घरही त्याचंच. डाव्या अंगठ्याचं नख विटेखाली चेंगरून उभं दुभंगलेलं, काळं. पेन्सिलीची खूण करायची त्याची तऱ्हा होती. आडवी रेघ आणि तिच्यावर तीन बारक्या काड्या, चिमणीच्या पावलासारख्या.

त्याच्या डब्यात मी बेडूक ठेवलेत. त्याच्या टोपीला आतून चुना लावलाय. एकदा त्याचीच सासू वारल्याचा निरोप पाठवून सासूलाच दारात उभी केलीय. तो रागवायचा नाही. त्याला गंमत उशिरा कळायची, एवढंच. दोन तासांनी परांचीवर एकटाच हसायला लागायचा आणि वरून ओरडायचा, "कळलं रं, कचऱ्या!"

पाच वर्षांमागं त्यानं स्वतःची कांदाचाळ बांधायला काढली. आयुष्यभर लोकांचं बांधलं, आता आपलं. चाळीच्या खालचा कोबा असा पाहिजे की आत आलेलं पाणी बाहेर वाहून जाईल. त्या दिवशी सकाळी तो म्हणाला, "नळी निस्ती रीत म्हणून लावायची. माझी नजर पाण्यापेक्षा सरळ हाय."

आता असं कुणी माझ्यापुढं म्हणावं का?

३

मी मागच्या कोपऱ्यावर होतो. तो पुढं.

"अंगठा काढला का?"

"काढला," मी म्हणालो. नव्हता काढला.

"आलं का?"

"आलं."

दोन बोटांचा फरक पडला. चहाच्या वेळी सांगून त्याच्या नजरेचा तोरा सगळ्यांपुढं उतरवायचा, असा बेत होता. पण चहा घेऊन वच्छलाबाई आल्या, त्याची बायको, आणि त्या चाळीकडं अशा बघत होत्या की म्हटलं, संध्याकाळी सांगू. संध्याकाळी कोबा टाकून झाला होता. मग म्हटलं, त्याला कळेलच की दोन तासांनी.

नाही कळलं. पावसाचं पाणी आत शिरलं आणि मागच्या कोपऱ्यात साचून राहिलं. पोळ्यापर्यंत सगळा कांदा खालून नासला. गावभर वास. कडुबानं एकट्यानं माप घेतलं, करणी धुतली आणि पोत्यात गुंडाळली.

"कचऱ्या, माझी नजर गेली."

सांगायची जागा हीच होती. मी काय म्हणालो ठाऊक आहे? "म्हातारा झालास, मिस्त्री." आणि हसलो. सवय.

त्यानं परत वीट धरली नाही. लोक बोलवायला यायचे, तो हात जोडायचा. शेतात नांगराची ओळ घातली तरी मला बोलवायचा, म्हणायचा, "सरळ हाय का बघ, माझा मला भरवसा नाय." मी बघायचो. सरळच असायची. "हाय," म्हणायचो. पुढं मी पोराकडं पडेगावला राहायला आलो आणि सुटलो.

४

या वर्षी एप्रिलमध्ये गावाकडून आलेला माणूस म्हणाला की कडुबा मिस्त्रीला खूळ लागलंय. भर उन्हात गावोगाव फिरतो, आपण बांधलेल्या जुन्या भिंती मापतो. एकटाच. नळीचं एक टोक खिळ्याला बांधतो आणि दुसऱ्याकडं पळत जातो.

त्या भिंती मी ओळखतो, सगळ्या पाण्यासारख्या सरळ आहेत. आणि सगळ्या सरळ निघाल्या, एक चाळ तेवढी चुकली, तर माणसाच्या काय ध्यानात येईल, हे सातवी नापासालाही कळतं.

जाऊन भेटावं, असं रोज ठरवत होतो. मे महिन्यात फोन आला. ऊन लागलं, चार दिवस ताप, संपलं.

मातीला गेलो. मला एकच बघायचं होतं. त्याला कळलं होतं का? मेलेल्याच्या तोंडावर काय दिसणार? वच्छलाबाईंनी माझ्याकडं मान वर केली नाही. दहाव्याला मात्र आतून नळीचं वेटोळं आणून माझ्या हातात दिलं.

"तुमाला द्यायला सांगितली व्हती."

एका टोकाला लाल चिकटपट्टी गुंडाळलेली. ते कायम त्याचं टोक. बिनपट्टीचं माझं.

५

पडेगावात माझा दिवस ठरलेला असतो. सकाळी पेपर, मग शेजाऱ्याच्या कुत्र्याला खोटं खोटं हाड दाखवणं, मग सुनेची बोलणी. सून सुलेखा अंगणवाडीत आहे, म्हणून मलाही तिथलाच धरते. जुलैत ती म्हणाली, "मामा, रिकामे बसता, तर मागं धुण्याला ओटा तरी बांधा."

बारा वाजता, चांगलं ऊन होतं. नळीत पाणी भरलं, बुडबुडे ठोकून काढले. लाल टोक घराच्या कोपऱ्यामागं खिळ्याला बांधलं, माझं टोक घेऊन इकडं आलो, अंगठा काढला.

पाणी वर आलं. थांबेना. खाली गेलं, परत वर. बोटभर वर, बोटभर खाली, सावकाश. पाणी हेलकावतं आणि शांत होतं, हे मला कळतं. हे शांत होत नव्हतं. ते लयीत होतं. झोपलेल्या माणसाच्या पोटासारखं.

कोपऱ्यामागं जाऊन बघितलं. लाल टोक खिळ्याला, पाणी स्थिर. परत इकडं आलो. वर, खाली.

वारा असेल. नळी उन्हानं फुगत असेल. दुसऱ्या दिवशी वेटोळं घेऊन शहरात गुलमंडीच्या मागच्या गल्लीत गयासभाईच्या दुकानात गेलो, नळी मूळची त्याच्याकडचीच. त्यानं दुकानाच्या दोन बाजूंना धरून बघितली.

"चाचा, नळी एकदम बराबर है. ये देखो, पानी कैसा चुप खडा है."

"माझ्याकडं हलतं, गयासभाई."

"तो तुमारा हात हिलता होंगा. उमर हो गई, चाचा."

म्हातारा झालास, मिस्त्री. मीच म्हटलं होतं ना. घरी येईपर्यंत मला हसू येत होतं, आणि ते थांबत नव्हतं.

६

ओट्याच्या जागेवर, मागच्या भिंतीला, मला एक खूण दिसली. आडवी रेघ, वर तीन काड्या. चिमणीचं पाऊल.

"सुलेखा, ही कधीची गं?"

"एप्रिलमधली असंल. एक म्हातारे आले होते नळी घेऊन. म्हणाले, मीच बांधलंय हे घर, जरा बघतो. मी म्हटलं, बसा, मामा आत झोपलेत, उठवते. तर नको म्हणाले. पाणीसुद्धा घेतलं नाही."

"आन् तू मला सांगितलं नाहीस?"

"त्यांनीच सांगू नको म्हटलं. मला वाटलं, तुमची काहीतरी गंमत चाललीय दोघांची."

मला राग आला. खरंच आला. चाळीस वर्षांचा दोस्त माझ्या दारात येतो, माझी भिंत मापतो आणि मला हाक मारत नाही! बेडूक ठेवले, चुना लावला, सासू मारली, तेव्हा कधी असा वागला नाही. त्यानं शिवी द्यायची होती. थोबाडीत मारायची होती. पाणी न पिता जायचं, ही कुठली रीत? दगा तर यालाच म्हणतात, असं मी त्या दिवशी मनात दहा वेळा म्हणालो. प्रत्येक वेळी थोडं हळू म्हणालो.

पण एक बरं झालं, खूण एप्रिलची निघाली. जिवंत माणसाची. जिवात जीव आला.

चार दिवसांनी दुसरी खूण न्हाणीच्या बाहेर दिसली. मग स्वयंपाकघराच्या खिडकीशी. मग आत, फ्रिजच्या मागं.

"मामा, भिंतीवर रेघोट्या काऊन मारता? दिवाळीला रंग दिलाय!"

"मी नाही मारल्या."

"मग काय कुत्र्यानं मारल्या?"

जन्मभर खोड्या काढलेल्या माणसाचं हे असं होतं. खरं बोलायला तोंडच उरत नाही. मी खुणा पुसल्या. पुसलेल्या परत आल्या नाहीत. पुढच्या आल्या. स्वयंपाकघरातून बैठकीत, बैठकीतून माझ्या खोलीत. मी नळी लावली, कारण लावल्याशिवाय राहवेना. पाणी हेलकावत होतं, मी त्याचा मध्य धरला. सगळ्या खुणा एका पातळीत, केसाचा फरक नाही. नजर शाबूत असलेल्या माणसाचं काम.

माझ्या खाटेच्या उशाशी जी आली, तीच तेवढी वर होती. मोजायची गरज नव्हती, तरी मोजली. दोन बोटं.

७

त्या दिवशी घरात मी एकटा होतो. पोरगा कंपनीत, सुलेखा अंगणवाडीत. दुपारचा एक. शेजारी कुणाचा तरी मिक्सर चालू होता, एवढा साधा दिवस. मनात म्हटलं, याचा आज निकाल लावू. लाल टोक कोपऱ्यामागं बांधलं, माझं धरून उभा राहिलो. वर, खाली. वर, खाली.

आणि मला आपली गंमत सुचली. म्हातारी खोड. मी मोठ्यांदा ओरडलो,

"अंगठा काढला का?"

पाणी थांबलं.

स्थिर झालं, असं मी म्हणत नाही. स्थिर होताना पाणी थोडं थोडं कमी हलत जातं. हे मधेच अडलं. मी माझं टोक वर उचललं, पाणी उतरलं नाही. खाली केलं, चढलं नाही. चाळीस वर्षं नळी धरलेल्याला याचा अर्थ सांगावा लागत नाही. पलीकडच्या तोंडावर अंगठा होता.

मिक्सर बंद झाला. मी नळी हातात धरून भिंतीच्या कडेनं निघालो. पोरं असतील. कोंबडी बसली असेल टोकावर. चिकटपट्टी निसटून तोंडात गेली असेल. नऊ पावलं आहेत, मी मोजतो. सातव्या पावलावर कोपऱ्यापलीकडचं लाल टोक दिसायला लागतं.

खिळ्याला ते नव्हतं. त्याच्या बाजूला, हवेत, माणसाच्या छातीच्या उंचीवर होतं. आणि तोंडावर अंगठा दाबलेला. सिमेंटनं चिरा पडलेला. नख उभं दुभंगलेलं, काळं.

मनगटाच्या पुढचं भिंतीआड होतं. अजून दोन पावलं टाकली असती तर दिसलं असतं. मी टाकली नाहीत.

मग अंगठा निघाला. सावकाश, जागेवर पोचल्यावर काढतात तसा. पाणी माझ्या हातातल्या टोकातून भसकन बाहेर आलं, सगळ्या सदऱ्यावर. गार नव्हतं ते. अंगाइतकं कोमट होतं.

उन्हात तापलेलं असणार.

८

दुसऱ्या दिवशी नळी पूर्ण रिकामी केली, झटकली, पिशवीत घातली आणि फाट्यावरून वैजापूरची गाडी धरली. गावात पोचेपर्यंत तीन वाजले. वच्छलाबाई कांदाचाळीच्या पुढच्या बाजूला लसूण सोलत बसल्या होत्या. चाळ मोकळी. आत ऊन पडलेलं, मागच्या कोपऱ्यात कोबा काळपट.

"या, कचरूभाऊ. लवकर आलात." टोमणाच होता तो.

"वैनी, ही तुमची नळी घ्या. मला नको." वेटोळं त्यांच्या पुढ्यात ठेवलं.

"काऊन? चांगली हाय की."

"भोक हाय तिला."

"नळीला नाय भोक." त्यांनी एक पाकळी टोपल्यात टाकली. "चहा ठेवू का? का आज त्यात काय टाकायला आणलंय?"

मी हसलो. त्या हसल्या नाहीत. मग मी जे विचारायला आलो होतो, ते विचारलं.

"वैनी, त्या भिंती मापून मिस्त्री घरी आला, तवा काय म्हणला?"

"म्हणले, वच्छे, माझी नजर शाबूत हाय. एकूणतीस भिंती, एक बी चुकली नाय."

"मग... हसला आसंल की. कळलं रं कचऱ्या, म्हणून."

"तुमाला तसंच वाटणार." लसणाचं साल त्यांनी फुंकरीनं उडवलं. "इथंच बसले, या पायरीवर. रडले. मी दाल्ल्याला रडताना कधी बघितलं नव्हतं. आईच्या मातीला बी नाय."

"मग मला हाक मारायची! चार शिव्या द्यायच्या!" माझा आवाज चढला, मलाच कळलं नाही. "माझ्या दारात येऊन गेला, वैनी. पाणी बी न पिता. चाळीस वर्षं मी त्याचं दुसरं टोक धरलं. आसं करतं का कुणी दोस्ताला?"

त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडं सरळ बघितलं. मातीच्या दिवशी बघितलं नव्हतं ते आत्ता बघितलं.

"म्हटलं होतं मी, बोलवा त्यांना. तर म्हणले, नको. पाच वर्सं त्याला सांगायला जमलं नाय. बघू, कवा जमतंय."

मी पुढ्यातल्या वेटोळ्याकडं बघत बसलो, दुसरीकडं बघवेना. बिनपट्टीचं टोक माझ्या पायाशी होतं. लाल टोक वेटोळ्यात नव्हतं. नळीचे दोन वेढे सुटून ती चाळीच्या कडेनं मागच्या कोपऱ्याकडं गेली होती आणि कोपऱ्याआड वळली होती. वच्छलाबाईंचे हात लसणात. मी तर जागचा हललो नव्हतो. रिकामी, झटकलेली नळी, पण माझ्या पायाशी तिच्यात वीतभर पाणी उभं होतं. वर, खाली.

"गंमत होती, वैनी," मी म्हणालो. "खरं सांगतो. चहाच्या टायमाला सांगणारच व्हतो."

वच्छलाबाईंनी टोपलं बाजूला सारलं, पदराला हात पुसले.

"चार दिस तापात एकच इचारत व्हते, अंगठा काढला का, अंगठा काढला का. मी म्हणायची, काढला, पडा आता. तर म्हणायचे, तू गप, त्याला बोलू दे. म्हणून म्हणते, कचरूभाऊ, मला काय सांगता? ते टोक उचला, कोपऱ्यामागं जावा, आन् तिथं सांगा."